अंगठ्याची तिरकी वाट

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता आम्ही आत्याचं मनगट दुसऱ्यांदा उघडलं.

असं काही झालेलं नाही. केंद्राच्या नोंदीप्रमाणे त्या रविवारी इमारत बंद होती, दिवे बंद होते आणि मी घरी पोहे खात होतो. मी केंद्राचा पगारी तंत्रज्ञ आहे, त्यामुळे खाल्ले असणार. तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजा. मी आदल्या सोमवारपासून सांगतो.

सोमवारी दसरा होता. मिरजेच्या आमच्या मज्जासेतू केंद्रात नवीन यंत्र येऊन चार दिवस झाले होते. कागदावर त्याचं नाव मार्गरेखक. दिसायला ते झेरॉक्सच्या मशीनसारखं आहे आणि खरं सांगायचं तर काम जवळपास तेच करतं. फक्त हे शाईऐवजी वाट छापतं.

वाट म्हणजे काय, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, आईच्या पोटापर्यंत. तिथं आपल्या चेतापेशींना एक अवघड काम असतं. पाठीच्या कण्याजवळ बसलेल्या पेशीला आपली तार पार अंगठ्याच्या टोकापर्यंत न्यायची असते, आणि पत्ता कुणी दिलेला नसतो. तारेच्या टोकाला एक बारका पंजा असतो. तो अंधारात चाचपत निघतो. वाटेतल्या पेशींच्या अंगावर चिकट रेणू असतात. पंजा त्यांना धरतो, स्वतःला पुढं ओढतो, सोडतो, पुढचा धरतो. सगळ्यात पुढं गेलेल्या तारेला मागच्या तारा चिकटतात आणि तिच्याच आधारानं जातात, त्यांची जुडी होते. मग एखाद्या वळणावर रेणूंवर साखरेचा लेप चढतो, पकड ढिली होते आणि ज्या तारेला वळायचं असतं ती जुडीतून सुटते. कुठं चिकटायचं आणि कुठं सोडायचं, एवढ्या दोन गोष्टींवर माणसाचा हात तयार होतो. मोठेपणी या दोन्ही गोष्टी आपण विसरतो. ते रेणूही विसरतात.

म्हणून मोठ्या माणसाची नस तुटली की तारा वाढायला बघतात, पण धरायला काही नसतं. मार्गरेखक ते देतं. आधी एका मोठ्या काचेवर रुग्णाच्या बोटांच्या वाटा आखायच्या, निळ्या उजेडात हिरव्या चमकणाऱ्या खुणेनं. यंत्र त्या चमकत्या रेषा वाचतं, दहापट लहान करतं आणि ओल्या पापडासारख्या पातळ पट्टीवर तशाच चमकणाऱ्या चिकट रेणूंनी छापतं. तीन सेंटिमीटरची ती पट्टी मनगटातल्या तुटक्या जागी ठेवायची. तारा रोज तीन मिलीमीटर चालतात. पट्टी संपली की पुढं जुनी वाट सापडते आणि अडीच महिन्यांत बोटांना स्पर्श येतो.

यंत्रावर पहिला नंबर माझ्या आत्याचा होता. सुनंदा वेळापुरे, वय सत्तावन्न, मिरजेच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. काचेच्या बांगड्यांची पेटी फळीवरून सुटली, आत्यानं ती झेलली, पेटी वाचली आणि मनगट कापलं. बोटं हलवणाऱ्या तारा शाबूत राहिल्या, स्पर्श सांगणाऱ्या गेल्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, सगळं मुकं.

बांगडी भरणाऱ्या बाईला हे परवडत नाही. समोरच्या बाईचा हात दाबायचा, अंगठ्यानं तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा आत ढकलायचा आणि हाड कधी ढिलं पडतं ते ओळखायचं. ते डोळ्यांना दिसत नाही. एक क्षण लवकर ढकललं तर काच फुटते आणि गिऱ्हाइकाचं रक्त निघतं. आत्या म्हणायची, बायकांची तोंडं मला आठवत नाहीत, हात आठवतात.

दसऱ्याच्या सकाळी तिनं माझ्या हातात हळदकुंकवाची पुडी ठेवली.

"नवीन यंत्राला लाव."

"आत्या, ते लाखात एक यंत्र आहे. त्याला डाग चालत नाही."

"उद्या माझा हात त्याच्या हवाली करायलायस. सणाच्या दिवशी त्याला तसंच कोरडं ठेवू नकोस."

आमच्या संचालक आणि शल्यविशारद डॉ. शर्वरी तेरदाळकर यांनी आधीच बजावलं होतं की यंत्राच्या बाहेरच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही, उद्घाटनाचे फोटो व्हायचेत. बाहेरच्या अंगाला, असं त्या म्हणाल्या होत्या. मी आज्ञाधारक माणूस आहे. मी झाकण उघडलं आणि आत, काचेच्या कडेला, अनामिकेनं हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट लावलं. नमस्कार केला. मग भीती वाटली म्हणून स्पिरिटच्या बोळ्यानं लगेच पुसून टाकलं. ती आत्याचीच काच होती, दुसऱ्या दिवसासाठी लावून ठेवलेली.

मंगळवारी पट्टी छापली, मनगटात ठेवली, टाके घातले.

शुक्रवारी दुपारी मी ती काच धुऊन ठेवायला घेतली. धुण्याआधी नियमाप्रमाणे अंधार केला आणि निळा दिवा लावला. चार सरळ हिरव्या वाटा दिसल्या: अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. आणि एक पाचवी वाट, तिरकी. ती अंगठ्याच्या वाटेवर सुरू होऊन बाकीच्यांना छेदत थेट अनामिकेच्या वाटेला जाऊन मिळत होती. सुरुवातीला तिच्यात बोटाच्या रेघा होत्या. मी माझं बोट शेजारी धरून पाहिलं. सुंदर जुळत होत्या.

हळद निळ्या उजेडात चमकते. हिरवट, झकास. आणि स्पिरिटनं ती जात नाही, विरघळून पसरते. माझ्या डोळ्यांना काच स्वच्छ दिसली होती. यंत्राला एक जास्तीची वाट दिसली आणि त्यानं ती प्रामाणिकपणे छापली.

मी हिशोब मांडला. तिरका फाटा एकविसाव्या मिलीमीटरला होता. तारा त्या दिवशी नवव्याला. मंगळवारी पोहोचतील. पोहोचल्या की फाट्यावर वळतील, कारण पंजाला खरी वाट आणि हळदीची वाट यातलं काही कळत नाही. चार बोटांच्या बातम्या एकमेकांत मिसळतील. आत्या गरम कप उचलेल आणि भाजलं कुठं ते तिला कळणार नाही.

मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी काच पाहिली. मग मला पाहिलं. मग पुन्हा काच, कारण तिच्याकडून निदान काही आशा होती.

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"उघडून पट्टीचा पुढचा तुकडा बदलता येईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तारा अजून मागं आहेत. पण तारांपासून सुरी जितकी लांब, तितकं सुरक्षित. पट्टी जराशी सरकली तरी तारा तुटतील. आणि या वयात दुसऱ्यांदा वाढतीलच असं नाही. निम्मी शक्यता."

"मग आज करूया."

"अनपेक्षित घटना समितीची मंजुरी लागते. ती दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी बसते."

"गुरुवारी तारा पार झालेल्या असतील."

"मला गणित येतं, निनाद. यंत्र आपलं एकट्याचं नाही. राज्यात अकरा केंद्रांना मिळायचंय. पहिल्याच रुग्णावर चूक झाली असं लिहिलं तर एकालाही मिळणार नाही. मला उद्यापर्यंत विचार करू दे. तोपर्यंत आत्यांना काही बोलू नकोस."

मी बोललो नाही. त्याची मी बरीच समर्थनं देऊ शकतो. सगळी मुद्देसूद आहेत आणि एकही कामाचं नाही.

शनिवारी दुपारी मात्र मी दुकानात गेलो. आत्या उजवा हात फळकुटीला बांधून बसली होती आणि डाव्या हातानं सात महिन्यांची पोटुशी असलेल्या एका मुलीला हिरवा चुडा भरत होती. मुलीचं नाव स्वरा. तिच्या तोंडावर धीर आणि डोळ्यांत पाणी.

"मावशी, दुखतंय."

"डावा आहे गं तो. त्याला शाळेत घातलंय आत्ता." आत्यानं मला पाहिलं. "काय रे निन्या, ड्युटी नाही? हाकललं का?"

"अजून नाही."

आत्यानं माझं तोंड नीट पाहिलं. स्वराला म्हणाली, "तू जरा टेक. पाणी पी." मग मला, "बोल."

मी सगळं सांगितलं. काच, हळद, स्पिरिट, फाटा. तिला तारा काय ते नीट कळेना, तेव्हा मी स्वराच्या पोटाकडे बघून म्हणालो की आत्ता तिथंही हेच चाललंय, तारा चाचपत चाचपत आपापल्या जागा पक्क्या करतायत.

स्वरानं पोटावर हात ठेवला. "तिथं हळद नाही ना गेली?"

"नाही."

"मी रोज दुधातून घेते."

"ती चालते," मी म्हणालो. एवढं एक वाक्य मी त्या आठवड्यात खात्रीनं बोललो.

मला वाटलं आत्या हळदीवरून बोलेल. पुडी तिचीच होती, म्हणजे तिलाही थोडं लागलं असणार.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"काल."

"काल किती वाजता?"

"दुपारी तीन."

"आणि आज तीन वाजता सांगायलायस."

"मॅडम म्हणाल्या—"

"एका दिवसात किती चालतात म्हणालास?"

"तीन मिलीमीटर."

"म्हणजे माझे तीन मिलीमीटर खाल्लेस तू." ती ओरडली नाही. बांगड्यांची सुतळी सोडवावी तसं एकेक शब्द बोलली. "हळदीचं राहू दे. हळद मी दिली. पण हे तीन माझे होते, निन्या. त्यांचं काय करायचं ते मला विचारायचं होतं."

तिनं फोन उचलला, डाव्या हातानं नंबर लावला.

"डॉक्टरबाई, सुनंदा वेळापुरे बोलतीय. उद्या सकाळी येते... बंद असू दे की, किल्ली तुमच्याकडंच असेल... नाही, मला कागद नको. मला हात पाहिजे."

पलीकडून मॅडम काहीतरी म्हणाल्या. आत्यानं फोन ठेवला.

"नऊ वाजता. म्हणाल्या, काही झालेलं नाही असं धरून या."

रविवारी आम्ही तिघंच होतो. दंडात सुई देऊन हात बधिर केला होता, आत्या जागी होती. डोळ्यांवर पडदा धरू का, असं मॅडमनी विचारलं, तर म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनगटाकडं बघत आले, आता स्वतःचं बघते." मग पाहिलं आणि म्हणाली, "धरा पडदा."

मी निळा दिवा धरला होता. मॅडमच्या डोळ्यांसमोर दुर्बीण आणि भिंतीवर तेच चित्र मोठं होऊन पडलेलं. पट्टी हिरवी चमकत होती. तिच्यावर वाढलेल्या तारा काळ्या दिसत होत्या, केसांच्या बटांसारख्या. तर्जनी, मधलं, अनामिका, तिन्ही बटा पंधराव्या मिलीमीटरला. माझं गणित बरोबर होतं.

अंगठ्याची बट तिथं थांबलेली नव्हती.

"पुढं गेलीय," मॅडम म्हणाल्या.

ती एकविसाव्याला पोहोचून फाट्यावर वळलीसुद्धा होती. तिरक्या वाटेवर दोन मिलीमीटर आत. मागच्या तारा तिला चिकटून तिच्या मागोमाग निघाल्या होत्या.

"पण रोज तीन—"

"ती सरासरी आहे. सरासरी कुणी चालत नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "काल असती तर फाट्याच्या अलीकडं मिळाली असती."

मॅडम म्हणाल्या, "निनाद, दिवा फाट्यावर."

मी दिवा फाट्यावर आणला.

"काय झालं?" पडद्यापलीकडून आत्या.

मॅडमनी सांगितलं, आणि लपवाछपवी न करता सांगितलं. बाकी तीन बोटांचा तुकडा बदलता येईल. अंगठ्याचं दोनपैकी एक. वळलेली टोकं कापायची आणि नव्या सरळ वाटेवर सोडायची. वाढली तर अंगठा जसाच्या तसा, नाही वाढली तर कायमचा मुका. किंवा कापायचं नाही, त्यांच्यापुरती ती तिरकी चिंधी ठेवून द्यायची. तारा नक्की पोहोचतील, पण अनामिकेत.

"म्हणजे अनामिकेत दोघं राहणार?"

"हो. आणि खऱ्या अंगठ्यात कुणी नाही. अनामिकेला काही लागलं की तुम्हाला वाटेल अंगठ्याला लागलं."

"निन्या."

"काय आत्या?"

"तुला दिसायलंय का ते?"

"हो."

"जितं आहे का?"

मी भिंतीकडं पाहिलं. इतक्या वेळात त्या बटेचं टोक किती हललं असेल? केसाच्या जाडीचा काही भाग. दिसण्यासारखं नव्हतंच. तरी मला ते चाललेलं दिसलं.

"चालतंय," मी म्हणालो.

"मग कापू नका. मला सांगणारं बोट पाहिजे. ते कुणाच्या घरी बसून सांगतंय ते मी बघून घेईन."

मॅडमना तुकडा कापून बदलायला चाळीस मिनिटं लागली. सुरी तारांपासून एक मिलीमीटरवर होती. मी तेवढ्या वेळात दिव्याशिवाय काहीच धरलं नाही. श्वास धरला होता बहुतेक. शेवटचा टाका घातल्यावर मॅडमनी नोंदवही उघडली, रविवारचं पान पाहिलं आणि त्यावर "यंत्राची देखभाल" असंसुद्धा न लिहिता ती मिटली.

शहात्तराव्या दिवशी तपासणी झाली. आत्याचे डोळे बांधले. मॅडमनी एका नायलॉनच्या केसानं बोटं टोचली.

"तर्जनी. मधलं. परत मधलं." मग मॅडमनी अंगठा टोचला. आत्या गप्प. पुन्हा टोचला. गप्प. मग अनामिका.

"अंगठा," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "आणि मागून कुणीतरी. दोघं एकदम बोलायलेत."

मॅडमनी फॉर्ममध्ये "अंगठा: संवेदना आहे" असं लिहिलं. खोटं म्हणता येत नाही. कुठं आहे, हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

"डॉक्टरबाई," आत्यानं डोळ्यांवरची पट्टी काढली, "हे तुमचं झालं. आता माझं. हात आणा इकडं."

ती पिशवीतून बांगड्या घेऊनच आली होती, हिरव्या, दोन-चारच्या मापाच्या. मॅडमचा हात शल्यविशारदाचा, हाडं टणक. आत्यानं तो उजव्या हातात घेतला. सवयीनं तिचा अंगठा जागेवर गेला आणि दाबू लागला, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की तिला काही कळत नाहीये. बांगडी उंचवट्यावर अडली. टक्कन आवाज आला.

"वाढली," आत्या म्हणाली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. मॅडमच्या मनगटावर लाल रेघ उमटली. त्यांनी हात तसाच पुढं ठेवला.

आत्यानं दुसरी घेतली. या वेळी अंगठा बाजूला उचलून धरला, पाहुण्यासारखा, आणि हात उलटा करून अनामिका मॅडमच्या अंगठ्याखाली सरकवली. फार अडनिडी पकड होती. तिनं डोळे मिटले. बांगडी उंचवट्याला टेकली. थांबली. ती इतका वेळ थांबली की मी काचेच्या आवाजासाठी दात आवळून तयार राहिलो.

मग ती सरकन मनगटात उतरली.

आत्यानं डोळे उघडले आणि अनामिकेकडं पाहिलं. "कळलं त्याला," ती म्हणाली. दोन्ही हातांत मिळून अकरा भरल्या, त्यांतली आणखी एक वाढली. निघताना मला म्हणाली, "काम होईल. आधीसारखं नाही. बायकांचे हात मला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागणार." तीन मिलीमीटरचा विषय तिनं काढला नाही. तो काढला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हणालो की यंत्राच्या पुस्तिकेत एक ओळ घालूया: काचेजवळ हळद नको. पुढच्या दसऱ्याला अकरा ठिकाणी अकरा यंत्रं असणार आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी झाकण उघडणार.

"ओळ घालायची तर कारण लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या. "आणि कारण झालेलं नाही."

म्हणून मी खालील अर्ज केला. त्या अर्जामुळे केंद्रात आज माझा शेवटचा दिवस आहे. ते मात्र झाल्याची लेखी नोंद आहे.

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
राज्य मज्जासेतू यंत्रणा कक्ष

विषय: न झालेला दिवस झाल्याचे मान्य करण्याबाबत

महोदय,

अर्जदार निनाद रासने, तंत्रज्ञ, सविनय सादर करतो की, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार केंद्राच्या अभिलेखात रिकामा आहे. सदर दिवशी अर्जदार पोहे खात नव्हता. सदर दिवशी एका रुग्णाच्या मनगटातील पट्टी बदलण्यात आली. कारण अर्जदाराने काचेस लावलेली हळद यंत्राने वाट समजून छापली होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी तीन ते शनिवारी दुपारी तीन या काळात रुग्णाचे तीन मिलीमीटर अर्जदाराकडून गेले. ते परत करण्याची तरतूद नियमांत आढळत नाही.

तरी सदर रविवार झाला होता असे धरण्यात यावे, अकराही केंद्रांस हळदीबाबत कळविण्यात यावे, उक्त तीन मिलीमीटर अर्जदाराच्या नावे कायम लावण्यात यावेत, आणि श्रीमती सुनंदा वेळापुरे यांच्या उजव्या अनामिकेस सर्व शासकीय कामांसाठी अंगठा मानण्यात यावे, ही नम्र विनंती.